पायाले कोणतं वय माहीत?

एका माणसाच्या पायात किस्से साचावेत तरी किती? आमच्या बाबाच्या पायात रक्त पोचत नव्हतं, पण किस्से बरोबर पोचून राह्यले होते!

बाबा मुधोळात मास्तर. पन्नास पावलं चालले की पोटरी आवळून यायची. लंगडे दिसू नये म्हणून समोरच्या दुकानाकडं पाहत उभे राहायचे. आता पन्नास पावलांवर नेमकं बांगड्याचं दुकान! महिन्याभरानं दुकानवाली घरी आली अन् आईले म्हणे, "बाई, मास्तर रोज पाहून राह्यले, घेत काऊन नाही? लग्न कोणाचं हाये?"

आईनं माह्याकडं पाह्यलं. मी लाजलो.

*

हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, पायाचं बायपास. "वय?"

"छप्पन."

हे झालं नोकरीचं वय. खरं त्रेसष्ट! शाळेत नाव घालताना सात वर्षं कमी लिहिलेली. डॉक्टर खूश. "साठच्या आतले लई वर्षं काढतात. त्याच्या पुढचे मात्र..." अन् नुसता हात हलवला.

बाहेर आल्यावर मी म्हणलं, "बाबा, खरं सांगा न."

"अन् ऑफिसात समजलं तं?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबानं मले हळूच विचारलं, "काऊन रे, पायाले कोणतं वय माहीत असन?"

मी म्हणलं, "शाळेत नाव घालाच्या आधीपासून पाय तुमच्यासोबत हाये."

त्या दिवशी बाबा जेवले नाही.

*

ऑपरेशन झालं. तेलुगू नर्स "नडवंडी!" म्हणे, म्हणजे चाला, की बाबा चालत. आईनं "चाला जी" म्हणलं की पाय दुखे. मी आईले सांगतलं, "नस तेलुगू माणसाची बसवली हाये."

घरी आल्यावर महिनाभर आई देवळात, बाजारात बाबाच्या मागं, "नडवंडी! नडवंडी!"

*

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर आमच्या बाजूच्या भैंसा गावचा गंगाराम होता, भाजीवाला. चाळीसचा गडी, ऑपरेशन तेच. बाबाले म्हणे, "मास्तर, तुमच्या तेरवीले बुंदी मी वाढणार, पाहा!" डॉक्टरबी हसले. वयच तसं होतं दोघांचं.

तिसऱ्या वर्षी तेरवी झाली ती गंगारामची. भैंशाच्या बसस्टँडापासून त्याच्या घरापर्यंत बाबा चालत गेले. एकदाबी थांबले नाही.

परत येताना बसमधी म्हणे, "थांबाचं होतं रे मले. पाय थांबला नाही."

*

पुढच्या वर्षी बाबा अंगणात बसले, पाणी मागितलं, अन् पाणी येईपर्यंत हार्ट बंद पडलं.

महिन्यानं दवाखान्याचं छापील कार्ड आलं. ऑपरेशन केलेल्या लोकांची चौकशी. सवाल दोनच. पेशंट जिवंत आहे का? पाय नीट चालतो का?

मी पेन घेऊन बसलो. मस्करी सुचेना. आईले वाचून दाखवलं अन् विचारलं, "काय लिहू?"

आईनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं पाह्यलं अन् मले परत देलं.

"आधी पायाचं लिही," म्हणे.