नऊ नंबरची जर्सी

पांडेसऱ्यात डाइंग मिलजवळ ओल्या रंगाचा वास आला की मला नऊ नंबरची जर्सी आठवते, कारण तिलाही तोच वास होता. बमरोलीच्या आमच्या फुटबॉल क्लबात अकराच जर्सी होत्या, कोचच्या बायकोने, आमच्या काकूंनी, मिलच्या उरलेल्या कापडातून आमच्या मापाने शिवलेल्या. कोच लूम चालवायचे आणि पाळी सुटली की आम्हाला शिकवायचे. फायनलच्या सकाळी अध्यक्षांनी बाहेरून एक नावाजलेला स्ट्रायकर आणला आणि माझी जागा त्याला दिली. कोच म्हणाले, "साहेब, या पोराला तीन वर्षं घडवतोय मी." "घडवा ना, कोण नाही म्हणतं? पण कप आजच पाहिजे," अध्यक्ष हसले. मी जर्सी काढून दिली. ती त्याच्या खांद्यांवर चढेना, म्हणून काकूंनी मैदानाच्या कडेलाच शिवण उसवून ढिली केली. त्याने दोन गोल केले, कप आला, आणि संध्याकाळी तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकू जर्सी आवळायला बसल्या, तर कोच घरच्या बोलीत म्हणाले, "राहू दे, पोऱ्या वाढी जाई," म्हणजे पोरगा वाढेलच. पुढे कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून पहिली सही त्यांचीच झाली, मी घरातला पहिला पदवीधर झालो. फायनल मात्र कधीच खेळलो नाही. क्लब बंद झाला तेव्हा ती जर्सी त्यांनी मला दिली. आता ती मला अगदी मापात बसते.