चोरून घेतलेला श्वास

"आबा, मधी श्वास घेतला तुमी. परत पहिल्यापास्नं म्हणा."

सांगलीच्या हॉस्पिटलात भर दुपारी माझी नर्सिंगच्या थर्ड इयरची विद्यार्थिनी, कवठे महांकाळची अश्विनी, फौजेतून रिटायर झालेल्या एका हवालदारांना दम देत होती. मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात पोरींना हाताला धरून शिकवणारी. मला आधी हसूच आलं.

हवालदार शिराळ्याचे. पायांतली ताकद गेली म्हणून ॲडमिट झालेले. हा नसांचा आजार. लुळेपणा पायांकडून वर चढतो आणि छातीपर्यंत पोचला की श्वास घेणारे स्नायूच थकतात. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन मात्र शेवटपर्यंत छान आकडा दाखवत राहतं. म्हणून मी पोरींना एक साधी टेस्ट शिकवते. पेशंटला एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणायला लावायचं. आकडा उतरला की डॉक्टरांना बोलवायचं.

हवालदारांनी सकाळी तीस म्हटले होते. आताही तीसच.

"मॅडम, ते चोरून श्वास घेत्यात," अश्विनी मला बाजूला घेऊन म्हणाली. "माझे वडीलबी मिलिटरीत हायत. तापानं फणफणले तरी 'एकदम फिट' म्हणत्यात. म्हणून मी आकडे ऐकलेच न्हाईत, गळ्याकडं बघत हुते."

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मशीन पाहिलं, हवालदारांचा हसरा चेहरा पाहिला.

"ऑक्सिजन सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे, मॅडम. आयसीयूत एकच बेड उरलाय. तो असा अडवायचा?"

प्रश्न रास्त होता. अश्विनी कॉटपाशी गेली आणि तिनं हवालदारांच्या छातीवर तळहात ठेवला.

"आवं आबा, ही काय भरती न्हाई. हितं कोण नापास करत न्हाई तुमाला. म्हणा."

ते म्हणू लागले. अकरानंतर छाती फुगली आणि तिचा हात किंचित वर उचलला गेला. आम्हा सगळ्यांना दिसला. हवालदारांनी मान वळवली.

"अकरा, सर," अश्विनी म्हणाली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्वतः आयसीयूला फोन लावला. संध्याकाळी हवालदारांना व्हेंटिलेटरवर घेतलं, शांतपणे, वेळेत. वॉर्डात राहिले असते तर तेच काम धावपळीत, कदाचित उशिरा झालं असतं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. ही टेस्ट मी इतकी वर्षं शिकवतेय, पण हात ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

काही आठवड्यांनी हवालदार वॉर्डात परतले. आल्या आल्या म्हणाले, "त्या कवठे महांकाळच्या पोरीला बोलवा." अश्विनी आली. त्यांनी स्वतःच तिचा हात छातीवर ठेवून घेतला आणि सुरुवात केली. अठरावर थांबले.

"आता घेतला श्वास. अठराच लिव."

नव्या बॅचला टेस्ट शिकवताना मी आता एक वाक्य जास्त सांगते. पेशंट फौजी असेल, तर नुसतं ऐकू नका, छातीवर हात ठेवा.