लिंबाच्या फोडीएवढा डाग

मी सहावीच्या वर्गावर शिकवत होते. शिपाई दाराशी आला आणि ऑफिसात फोन आहे म्हणाला. फोनवर अण्णाच्या कारखान्यातलं कुणीतरी होतं. अण्णा डबा खायला बसला आणि तसाच कलंडला... पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. माझा हा थोरला भाऊ जन्मात कुठे वेळेआधी पोचला नाही, इथेच तेवढी घाई केली. दीड महिना होत आला, तरी माझा राग गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून निरोप आला. परवाना अण्णाच्या नावाचा होता, तो आता नाही, तेव्हा घरातली रायफल सरकारमान्य दुकानात जमा करायची. अण्णानं लग्न केलं नव्हतं. बंगळूरला यशवंतपूरच्या भाड्याच्या घरात आता एकटी आईच आहे. म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि खरं तर ते माझंच होतं.

ती रायफल घरात आली तेव्हा मी इंटरला होते. कॉलेजच्या छात्रसेनेत मुली पंधरा आणि रायफली दोन. आठवड्याला पाच गोळ्या वाट्याला यायच्या. माझा नेम बरा होता, पण पाच गोळ्यांत राज्याच्या स्पर्धेच्या निवडीपर्यंत कशी पोचणार, म्हणून मी घरी कुरकुर केली. निपाणी सोडून आम्ही बंगळूरला आलो तेव्हापासून वडिलांच्या जागी अण्णाच होता, आणि माझ्या कुरकुरीची त्याला सवय होती. सहा महिने परवान्यासाठी खेटे घालून त्यानं व्हाइटफील्डच्या एका म्हाताऱ्या रेल्वे-गार्डाकडून जुनी पॉइंट टू-टू रायफल घेतली. गार्डसाहेब लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. अण्णानं पोतं सोडलं तेव्हा दस्ता चिरलेला, खटका अडकलेला आणि नळी तांबडीलाल गंजलेली दिसली. ही चुलीत घालायला आणलीस का, असं आईनं विचारलं.

अण्णा सरकारी कारखान्यात टूलरूमला होता. हात सोन्याचे, पण चाल गोगलगायीची. काही विचारलं की कानडी मिसळून म्हणायचा, "स्वल्प थांब," म्हणजे जरा थांब. किती रविवार तो व्हरांड्यात ती रायफल मांडून बसला, ते मोजायचं मी सोडून दिलं. दस्ता काचेच्या तुकड्यानं खरवडला, चीर सरसानं सांधली आणि जवसाचं तेल तळहातानं जिरवलं. उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर ओढणारा बारकासा आकडा तुटला होता. तो त्यानं पोलादाच्या तुकड्यातून कानशीनं घडवला. तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. नळीचा काळा रंग मात्र बाजारात मिळणारा नव्हता. आधी नळी घासून लख्ख करायची, औषध लावून तिच्यावर मुद्दाम हलका गंज चढू द्यायचा, मग पत्र्याच्या पन्हळीत पाणी घालून ती उकळायची. तांबडा गंज काळा होतो. तो तारेच्या ब्रशनं झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सात वेळा. त्या दिवसांत नळीला कुणाचं बोट लागलेलं त्याला चालत नसे. "गंज नुसता मारायचा नसतो कुसू, वळवायचा असतो," असं तो म्हणाला होता. स्वतः मात्र त्यानं कधी एक गोळी झाडली नाही. नेम तुझा, बंदूक माझी, अशी त्यानं वाटणीच करून टाकली होती.

रायफल तयार झाली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. माझी निवडचाचणी दसऱ्यानंतरच्या रविवारी. त्याच्या कारखान्यातली आयुधपूजा मी आदल्या वर्षी पाहिली होती. प्रत्येक यंत्रावर कापलेलं लिंबू, त्याला कुंकू. आपल्याकडेही तसंच झालं पाहिजे, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. अण्णा कामावर गेल्यावर रायफल पाटावर ठेवली. तेलावर गंध टिकत नाही म्हणून नळी कोरडी पुसून काढली आणि कुंकवात बुडवलेली लिंबाची फोड तिच्यावर उपडी ठेवली. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. दसऱ्याला फोड उचलली तर खाली काळं काही उरलं नव्हतं. आंबट रसानं सातही थर खाऊन टाकले होते. मी इतकी रडले की नवी साडी नेसायची राहिली. अण्णानं डागावरून बोट फिरवलं, तेलाची चिंधी घेतली आणि म्हणाला, "सरी, बरं. आता ही तुझीच झाली."

माझी निवड झाली. राज्याच्या स्पर्धेत मी सातवी आले, आणि अण्णानं टूलरूममध्ये ते पहिली आल्याच्या थाटात सांगितलं. पण तो डाग माझ्या मनातून गेला नाही. त्याची एवढी मेहनत मी एका लिंबानं धुऊन टाकली, आणि त्याची साधी माफीही कधी मागितली नाही.

परवा दुकानात आईही हट्टानं बरोबर आली. दुकानदार भला माणूस. नळी उजेडात फिरवून म्हणाला, "अम्मा, स्वल्प घासून परत काळं करून देऊ? नव्यासारखी होईल."

मी बोलायच्या आतच आई म्हणाली, "नको." मग माझ्याकडे न बघता सांगायला लागली, "त्यानं नवमीलाच बघितलेलं ते. दुपारी लवकर आला, तू झेंडूची फुलं आणायला गेलेलीस. म्हणाला, आई, हे लिंबू नळी खातंय. मी म्हटलं, मग उचल की बाबा. तर नको म्हणाला. पोरीनं मनापासून ठेवलंय, उद्या तीच उचलू दे."

अण्णा देवाला हातसुद्धा जोडत नसे. पूजेतलं हलवू नये वगैरे तो मानणाऱ्यांतला नव्हता. सात वेळा उकळलेला तो रंग डोळ्यांसमोर जाताना त्यानं पाहिला आणि गप्प बसला... दुकानात इतकी माणसं असताना मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

माझ्या नावाच्या परवान्याचा अर्ज मी भरला आहे. तो मिळेपर्यंत दर महिन्याला दुकानात येऊन नळीला तेल लावायची परवानगी मागितली, दुकानदार सरी म्हणाला. परवा पहिल्यांदा लावलं. डागावरून चिंधी दोनदा फिरवली. तिथे काळा थर नाही, गंज धरला तर आधी तिथेच धरेल.