पाहुण्यांसमोरची छाती

वस्तीत त्याला शोकेस म्हणत. पुरात घरं गेलेल्यांची ती पत्र्याची वस्ती. तिच्या तोंडाशी बाहेरच्या मदतीवर चालणारा दवाखाना होता. तिथं देणगीदार पाहुणे आले की याला बोलावणं यायचं. क्षयातून बरा झालेला इथला पहिला रुग्ण. तो दारात उभा राहायचा, पाहुणे त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे आणि हा छाती फुगवायचा. त्या छातीच्या जोरावर त्याला दवाखान्यात पहारेकऱ्याची नोकरीही मिळाली होती. पहारा कशाचा, हे त्यानं कधी विचारलं नाही.

जन्मात त्यानं एकच काम तडीस नेलं होतं, बरं होण्याचं. तेही बायकोनं रोज समोर बसून गोळ्या गिळायला लावल्या म्हणून. तरी रांगेतल्या माणसांना हा सांगायचा, "मनाचा निग्रह लागतो."

"निग्रह ताईचा होता, दाजी," मेहुणा म्हणायचा. "तुम्ही फक्त तोंड उघडलंत." बायकोचा हा धाकटा भाऊ गवंडीकाम करायचा आणि त्यांच्याच खोलीत झोपायचा.

खोकला परत आला तेव्हा शोकेसनं त्याला धूळ म्हटलं. मग थंडी म्हटलं. संध्याकाळी अंग तापायला लागलं तेव्हा त्यानं म्हणणंच बंद केलं आणि बायकोकडे पाठ करून खोकू लागला. आजार कळला तर नोकरी जाणार. फुटक्या काचेचं शोकेस कोण ठेवतं?

तेवढ्यात पाहुणे येणार असं कळलं. त्यांच्यापुढं आकडे ठेवायला जुन्या रुग्णांची पुन्हा तपासणी निघाली. सिस्टरनं त्याच्या हातात डबी दिली. "सकाळी उठल्या उठल्या खाकरून आण. नुसती थुंकी नको, छातीतला बेडका हवा."

सकाळी बायको पाण्याला गेली तशी यानं मेहुण्याला हलवलं. "जरा यात थुंक."

"शर्ट माझा वापरता, चप्पल माझी वापरता. आता थुंकीही माझीच?"

"थुंक रे. नोकरीचा प्रश्न आहे."

मेहुण्यानं मन लावून खाकरलं. "घ्या दाजी. एक नंबर माल."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं त्याला बाजूला घेतलं. "जंतू निघालेत. भरपूर."

"शक्यच नाही!"

"का शक्य नाही?"

उत्तर त्याच्या दातांपर्यंत आलं होतं. पण डबी माझी नव्हती म्हटलं तर दुसरी डबी मिळणार, आणि तिच्यात काय निघेल ते त्याच्या बरगड्यांना ठाऊक होतं. त्यानं उत्तर गिळलं.

"घरात आणखी कुणी खोकतं?"

"कुणीच नाही."

असा हा हिशेबी माणूस. गोळ्या आपल्याला हव्याच होत्या, त्या मिळाल्या. मेहुणा काय, रेड्यासारखा आहे, पचवेल. रोग त्याला आपणच दिला असणार, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नसेल. त्या मनात तेवढी जागाच नव्हती.

दवाखान्याचे साहेब तरी काही वेगळे होते असं नाही. ते म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत बोभाटा नको. तू मास्क लाव, दारात उभा राहा, आणि खोकू नकोस." जणू खोकला त्यांच्या हाताखाली नोकरीला होता.

घरी बायकोला उशाखाली गोळ्या सापडल्या. त्यांचा रंग ती विसरणं शक्यच नव्हतं. तिनं त्या त्याच्यासमोर आपटल्या.

मेहुणा हसायला लागला. "थुंकलो मी आणि नापास दाजी!" आणि हसता हसताच थांबला. त्याचा हात आपसूक छातीवर गेला.

"डबी तुझी होती?" बायकोनं भावाला विचारलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "आणि हे तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, सांगणारच होतो. पाहुणे जाऊ दे की."

तिनं पाहुण्यांची वाट पाहिली नाही. ते आले त्याच सकाळी ती भावाचं मनगट धरून दवाखान्याच्या दारात उभी राहिली. शोकेसचे फोटो काढणं चालू होतं. "सिस्टर, ते जंतू याचे आहेत. यांचे अजून मोजायचेत."

पाहुण्यांना भाषा कळत नव्हती. ते तिच्याकडे पाहून कौतुकानं हसले, एकानं तिचाही फोटो काढला. साहेब घाईघाईनं त्यांना औषधांच्या खोलीकडे घेऊन गेले.

सिस्टरनं शोकेसला आणि मेहुण्याला मागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि एकेक डबी दिली. "आता इथंच. माझ्यासमोर."

मेहुण्यानं मास्क खाली केला, खाकरलं, झाकण लावलं. थट्टा केली नाही.

शोकेस डबी धरून तसाच उभा. "कुणी बघत असलं की मला येत नाही."

"इतकी वर्षं बघणाऱ्यांवरच जगलात," बायको म्हणाली. "करा."

तो काहीतरी बोलायला गेला आणि खोकला उसळला. त्याला खाकरावंही लागलं नाही.