होल्याचं घरटं आणि होसियतओपा

आमच्या नमनगानच्या गल्लीत शेजारच्या होसियतओपापुढे, म्हणजे होसियतताईपुढे, हात टेकले नाहीत असा माणूस नाही. नोव्हेंबर लागला की आम्ही सगळे द्राक्षाच्या वेली मांडवावरून उतरवतो, आडव्या करतो, मातीखाली पुरतो. नाही पुरल्या तर थंडीत मरतात. गेल्या खेपेला ओपाने वेल पुरलीच नाही. तिच्यात होल्याने अवेळी घरटं केलं होतं, आत दोन पिल्लं.

"ओपा, डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. "एल्मुरोदच्या हातची वेल ती. पोराची तेवढीच खूण उरलीय."

"म्हणूनच तर. होल्याचं घर मोडलं की आपलं रिकामं होतं. एकदा बघितलंस ना?"

मी फावडं उचलून घरची वाट धरली.

एल्मुरोद तिचा एकुलता एक. नऊ वर्षांपूर्वी बांधकामावर रशियात गेला. त्या नोव्हेंबरात ओपाच्या कंबरेत उसण भरलेली, म्हणून वेल मी पुरली. मार्चमध्ये माती काढली तर बेचक्यात घरटं, घरट्यात चिमूटभर हाडं. पोराचा फोन तोवर बंद पडला होता. पुढे ना निरोप, ना प्रेत. ओपा एवढंच म्हणाली, "पुरायच्या आधी मी बघायला हवं होतं."

मी बघितलं होतं. पिल्लं माना वर करून ची-ची करत होती. बर्फ भुरभुरत होता, बोटं बधिर झालेली, घरी चुलीवर पुलाव. म्हटलं, आता कोण थांबणार, आणि ओढली माती. आजवर कुणाला सांगितलं नाही. दर मार्चला फावडं हातात घेतलं की ती ची-ची कानात येते. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

ओपाने एल्मुरोदचा जुना कापूस भरलेला अंगरखा घरट्याला आडोसा म्हणून बांधला. पिल्लं जगली, उडाली. वेल मात्र उभीच गोठली. एप्रिलात गल्लीतले सगळे मांडव हिरवे झाले, तिचा काळाठिक्कर. मी रडवेली होऊन गेले, तर ही बाई त्याच मांडवाखाली दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरून बसलेली. दोन वाट्या चहा ओतलेला.

"फिटलं बघ माझं देणं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "आता येईल तो."

चूक तुझी नव्हतीच गं, हे अगदी ओठांवर आलं होतं. तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. मी चहा प्यायले.