रायपुरमच्या आत्याची वाळू

आमची रायपुरमची आत्या दर रविवारी बसने मरीनाच्या किनाऱ्यावर जाई आणि येताना पिशवीभर वाळू आणून परसात, समुद्राच्या बाजूला ओती.

कारण विचारलं की म्हणे, "आपलीच आहे ती. बंदर मध्ये आलं म्हणून तिकडे अडकून पडलीय." यात चुकीचं काही नव्हतं. दक्षिणेकडून उत्तरेला सरकणारी वाळू बंदरापाशी अडते. मरीना त्यामुळे रुंदावत गेला आणि उत्तरेला आमचं रायपुरम झिजत राहिलं. आत्याची विहीर आणि तीन माड मी शाळेत असतानाच समुद्रात गेले.

मला हिशेबाची खोड. एकदा बसमध्ये मी म्हणालो, "आत्या, एक लाट नेते तेवढं आणायला तुला वर्ष लागेल."

"मग तूही एक पिशवी घे. सहा महिन्यांत होईल."

कंडक्टर तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, पिशवीचंही तिकीट काढा."

"माहेरी निघालेल्या पोरीचं कसलं तिकीट?" तिने त्याला तमिळमध्येच ऐकवलं.

वडील तिला घर विकून आमच्याकडे ट्रिप्लिकेनला ये म्हणत. "विकू कुणाला? समुद्र फुकट घेतोय," ती म्हणे. विधवा झाल्यावर तिने शिकवण्या करून परसाची गल्लीकडची भिंत बांधली होती. त्या भिंतीला ती कुणाला सायकलही टेकू देत नसे.

एका कार्तिकात पाणी परसातल्या तुळशीपर्यंत आलं. किनाऱ्यावर टाकायला सरकारी दगडांच्या लॉऱ्या आल्या, पण गल्ली पुढे अरुंद. समुद्राकडे जायला एकच वाट होती, आत्याच्या परसातून. इंजिनिअर दारात घुटमळला. "अम्मा, भिंत पाडावी लागेल."

ती नाही म्हणणार याची आम्हाला खात्री होती. तिने तुळशीची कुंडी उचलून माझ्या हातात दिली. "धर." मग त्याला म्हणाली, "पाडा. पण कॉफी घ्या आधी, तोवर मी दोरीवरचे कपडे काढते."

दगड पडले आणि समुद्र तिथेच थांबला. अख्खी गल्ली वाचली. भिंत मात्र तिने पुन्हा बांधली नाही. "लोकांना वाट झालीय, राहू दे."

आत्या गेल्यापासून त्या घरात आम्ही राहतो. रविवारी मरीनावरून येताना वाळू आणतो आणि दगडांच्या अलीकडे ओततो. हिशेब मला अजूनही पाठ आहे. म्हणून पिशव्या दोन नेतो.