सात पाण्यांचा भात

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेलेला होता आणि मी ब्रिस्टलमध्ये अडकून पडले होते. मी एकुलती एक. कऱ्हाडला कृष्णेच्या घाटावर सगळं मामाने केलं. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस," असं त्याने सुरुवातीलाच म्हटलं. "पिंडाला कावळा शिवला नाही गं. दोन तास थांबलो. तुझं लग्न करून देतो म्हणालो, घर विकणार नाही म्हणालो, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला." मग आवाज उतरवून म्हणाला, "तिचं तुझ्याशी काही राहिलं होतं का?"

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. कावळ्यांच्या गोष्टींवरून आईची मीच थट्टा करायचे. पण तो दिवस मी किचनच्या कपाटातल्या देवापुढे बसून काढला. एक खूण दे, एवढंच मागत होते. देव गप्प. मला त्याचा रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भात शिजवला, मूद पाडली, वर तीळ घातले आणि स्टीलची ताटली घेऊन एव्हन नदीवर गेले.

इथली नदी समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालते. तेव्हा पूर्ण ओहोटी होती. धुक्यात दोन्ही काठांना नुसता चकाकणारा चिखल, मध्ये पाण्याची एक बारीक रेघ. काठाच्या सगळ्यात खालच्या दगडी पायरीवर ताटली ठेवून मी मागे झाले. कठड्यावर दोन कावळे होते. मी सांगून पाहिलं, आई, नोकरी सोडते, कायमची परत येते. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ते भाताकडे बघतच नाहीयेत, माझ्या मागे कुठेतरी बघताहेत.

मी वळले. मागे एक बुटकी म्हातारी उभी होती. जाड कोटाखाली पायघोळ लुंगी, हातात झाकण लावलेलं मातीचं मडकं.

"काल मी इथेच थांबले होते," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, जुनी ओळख असल्यागत. "काल कुणीच आलं नाही. म्हणून आज पुन्हा केला."

तिने झाकण काढलं. आत भात, वरपर्यंत पाणी घातलेला. आमच्या घरी रात्रीच्या उरलेल्या भातात असं पाणी घालून ठेवत. सुतकात ही बाई मला शिळा भात देते आहे असं वाटून मी फटकन म्हणाले, "नको."

"शिळा नाही, मुली. वास घे."

वास मेणबत्तीच्या धुराचा होता. तिने सांगितलं, ती ब्रह्मदेशातली, थानल्विन नदीच्या मुखाशी मोलम्याइन शहर आहे तिथली, मोन जमातीची. त्यांचं नववर्ष तिकडच्या भर उन्हाळ्यात, एप्रिलच्या याच दिवसांत येतं. तेव्हा तांदूळ सात पाण्यांनी धुतात, भात घराबाहेर शिजवतात, आणि धुराचा वास मुरवलेल्या गार पाण्यात सोडतात. पहिला वाटा अंगणात, राखणदार देवतेला. मग तरुण पोरी लहान मडकी घेऊन वडीलधाऱ्यांकडे जातात, गुडघे टेकतात आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात.

"वचन नाही देत?" मी विचारलं.

ती हसली. "म्हाताऱ्या माणसाला वचनं घेऊन काय करायचंय?"

एवढ्यात खाली नदी फिरली. भरतीचं पाणी काहीही आवाज न करता उलटं, वरच्या बाजूला वाहायला लागलं. "आमचीही अशीच फिरते," ती म्हणाली. तिने मडकं माझ्या हातात दिलं आणि काठावरच्या एका बाकावर जाऊन हात गुडघ्यांवर ठेवून बसली. माझी वाट बघत. मी का कोण जाणे, तिच्यापुढे गुडघे टेकले.

"भात खाल्लास?" तिने विचारलं.

त्यांच्याकडे एकमेकांची विचारपूस अशीच करतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र तो आईचाच प्रश्न वाटला. आई फोनवर पहिलं वाक्य हेच म्हणायची, जेवलीस का. शेवटच्या फोनला मी तिच्यावर खेकसले होते, "मी बत्तीस वर्षांची आहे, आई! तुला दुसरं काही विचारताच येत नाही का?" ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी गेली. हे मी मामालाही सांगितलं नव्हतं.

"नाही जेवले," मी मराठीतच म्हणाले. "चुकलं माझं." आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा रडले, लाज सोडून, मोठ्याने. म्हातारीने डोक्यावर हात ठेवून तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हटलं आणि मग चमचा पुढे केला.

मी खायला लागले. भात गार, मोकळा, आणि प्रत्येक घासाला नुकत्याच विझवलेल्या ज्योतीचा वास. मागे पंख फडफडले, ताटली खणकन वाजली. मी वळून पाहिलं नाही, खात राहिले. मडकं रिकामं करून उठले तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं आणि ताटलीत एक शीत उरलं नव्हतं. कावळ्याने नेलं की भरतीने, मला माहीत नाही. म्हातारीलाही मी विचारलं नाही. कठड्यावर कुणी नव्हतं.

दुपारी मामाला फोन करून एवढंच सांगितलं, "शिवला." तो फोनवरच रडायला लागला.

तिची माझी पुन्हा गाठ पडली नाही. ज्या देवाने तिला दोन दिवस मडकं घेऊन त्या काठावर उभं केलं, त्याचे उपकार कसे मानावेत मला समजत नाही. मी त्याच्याकडे खूण मागत होते, आईशी वचनांचा सौदा करत होते, आणि दोन्हीत हट्ट माझाच होता. हल्ली देवापुढे बसले की मी काही कबूल करत नाही आणि काही मागतही नाही. चुकलं म्हणते, आणि वाढलेलं सगळं संपवून उठते.